आमचं गाव विकायला काढलंय, आम्ही लॉट नंबर १७

सॉल्सबरीकर | १४ सप्टेंबर २०२३, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितोय कारण डोकं फिरलंय आणि झोप लागत नाहीये. मी, बायको आणि लेक असे आम्ही गेली सहा वर्षं विल्टशरमध्ये सॉल्सबरीच्या उत्तरेला एका खेड्यात भाड्याने राहतो. खेडं म्हणजे अगदीच खेडं, एक चर्च, एक पब, अठ्ठावीस घरं आणि बाकी गाई. आणि हे सगळं एकाच माणसाचं. म्हणजे पब त्यांचा, शेतं त्यांची, ओढा त्यांचा, आमच्या डोक्यावरचं गवती छप्पर त्यांचं, सगळ्या दारांना एकच हिरवा रंग, तोही इस्टेटच्या सुताराने येऊन लावायचा, आपण हात लावायचा नाही. मोठे मालक मार्चमध्ये गेले. वारस तिघं, तिघंही लंडनला, शेती करायची कुणाला हौस नाही. परवा पत्र आलं की इस्टेट विक्रीला आहे, 'संपूर्ण किंवा ३१ लॉटमध्ये'.

सोबत चकचकीत पुस्तक, लग्नाच्या अल्बमसारखं जाड. लॉट १ मोठा वाडा आणि त्याचं पार्क, मग शेतं, मग जंगल, लॉट ९ पब, आणि लॉट १७ आम्ही. 'दोन बेडरूमचं ग्रेड टू लिस्टेड कॉटेज (म्हणजे सरकारी वारसा यादीतलं), सध्या भाडेकरू असलेलं', अंदाजे किंमत साडेतीन लाख पाउंड. किचनचा फोटो आहे आणि त्यात आमचा कुकर आणि मसाल्याचा डबा. एजंट फोटो काढायला आला तेव्हा आम्हाला वाटलं इन्शुरन्ससाठी असेल, बायकोने त्याला चहा पण केला.

शेजारी ८४ वर्षांच्या आजी आहेत, लॉट १६. त्यांचा नवरा इस्टेटच्या गोठ्यावर होता, नोकरीसोबत घर मिळालं, १९६१ साली त्या घरात लग्न होऊन आल्या त्या तिथेच. त्या म्हणाल्या, "मी लॉट आहे हे मला बासष्ट वर्षांनी कळलं."

कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. आम्हाला घर घ्यायचा पहिला हक्क असतो का? की सामान बांधायला घ्यायचं?

---

मेथीचीजुडी | १४ सप्टेंबर, ११:३२

बापरे! कुकरसकट विक्रीला काढलं 😅 सॉरी हसू नये पण. काळजी घ्या, इथे वकील मंडळी आहेत ती येतीलच. मी वाचतेय.

---

चिवडा_पार्सल | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

अख्खं गाव एकाचं?? आणि २०२३ साल? आम्ही इकडे शाळेत ब्रिटिशांनी जमीनदारी आणली वगैरे पाठ करून मार्क मिळवले आणि यांनी स्वतःच्या घरची अजून मोडलीच नाही होय.

---

जुनेदस्त | १५ सप्टेंबर, दुपारी १:१५

सॉल्सबरीकर, मी लीड्सला प्रॉपर्टीच्या खरेदीखतांचंच काम करते, त्यामुळे थोडं मोठं होईल, चहा घेऊन बसा. (हा सल्ला नाही, गप्पा आहेत. सल्ल्याला तुमच्या गावातला सॉलिसिटर गाठा.)

पहिला हक्क नाही. भाडेकरूला आधी विचारायची सक्ती करणारा १९८७ चा कायदा आहे पण तो फ्लॅटच्या बिल्डिंगींना लागतो, सुट्या कॉटेजला नाही. मालक चांगला असेल तर आधी विचारतो, ती त्याची मर्जी. तुमचा करार शॉर्टहोल्ड असणार, म्हणजे मुदत संपली की सेक्शन २१ खाली दोन महिन्यांची नोटीस देऊन कारण न सांगता घर रिकामं करून मागता येतं. 'भाडेकरू असलेलं' असं छापलंय म्हणजे आजतरी ते तुमच्यासकट विकतायत. पण रिकामं घर जास्त पैशाला जातं, हे एजंटला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

आजींची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आणि इथे तुम्ही त्यांची कागदपत्रं बघाच. १९७६ च्या रेंट (ॲग्रिकल्चर) ॲक्टने शेतमजुरांच्या नोकरीसोबत मिळालेल्या घरांना संरक्षण दिलं. त्याच्या आधी गडी मेला किंवा मालकाशी भांडला की बायकापोरं रस्त्यावर, नोकरी गेली की छप्पर गेलं इतका साधा हिशोब होता. १५ जानेवारी १९८९ च्या आधीपासून तसं राहणाऱ्यांचं संरक्षण अजून चालू आहे आणि नवऱ्यामागे विधवेला मिळतं. भाडं मालक ठरवत नाही, सरकारी रेंट ऑफिसर ठरवतो. घर कुणीही घेवो, आजी घरासोबत जातात. म्हणून त्यांचा लॉट स्वस्तात जाईल, आणि जो घेईल तो वाट बघायच्या तयारीने घेईल. वाईट वाटतं लिहायला पण बाजार असाच बोलतो.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. इस्टेट फुटते तेव्हा घरं वेगळी होतात पण जमिनीखालचं काही वेगळं होत नाही. तुमचं पाणी कुठून येतं? इस्टेटच्या बोअरवेलचं असेल तर ती कुठल्या लॉटमध्ये गेली? पाइप कुणाच्या शेतातून येतो? सेप्टिक टँक किती घरांत मिळून आहे? गाडी आत यायचा रस्ता कुणाचा? सगळं एकाच मालकाचं असतं तोवर या प्रश्नांना अर्थच नसतो, ३१ मालक झाले की प्रत्येकाला दुसऱ्याच्या जमिनीतून हक्क लिहून लागतो. हे विसरलेलं मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पुस्तक उघडलं की आधी नकाशातली गटारंच शोधते.

---

चिवडा_पार्सल | १५ सप्टेंबर, १:४०

गटारं शोधणारी वकील, मानाचा मुजरा ताई.

---

उंटावरचाशहाणा | १५ सप्टेंबर, रात्री ९:५०

माझा आवडीचा विषय काढलात, आता सहन करा. ही फुटाफूट आजची नाही, दीडशे वर्षं चाललीय. १८७० च्या पुढे अमेरिकेतला गहू रेल्वेने आणि आगबोटीने स्वस्तात येऊन पडायला लागला, मागून बर्फाच्या पेट्यांतलं मांस आलं, धान्याचा भाव गेला तसा कुळांकडून मिळणारा खंडही गेला. १८९४ साली अर्थमंत्री हार्कोर्टने वारसा कर बसवला, तेव्हा सगळ्यात मोठ्या मालमत्तेला ८ टक्के, लोक म्हणाले जग बुडालं. १९१९ ला तोच सर्वात वरचा दर ४० टक्के झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ८०. त्यात पहिल्या महायुद्धात बाप आणि मुलगा लागोपाठ गेलेली घराणी होती, म्हणजे एकाच इस्टेटीवर दोनदा कर.

मग १९१८ ते १९२१ मध्ये विक्रीची लाटच आली. ड्यूक ऑफ रटलंडने १९२० मध्ये बेल्व्हॉयची जवळपास अर्धी इस्टेट, २८,००० एकर, १५ लाख पाउंडाला काढली. चार वर्षांत इंग्लंडची चौथाई जमीन हात बदलली असं वर्षानुवर्षं छापलं गेलं, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बराच खाली आणलाय, पण लाट होती यात वाद नाही. घेतलं कुणी? बरंचसं कुळांनीच! घेतलं नाही तर नवा मालक काढेल या धास्तीने, चढ्या भावाने, कर्ज काढून. आणि १९२१ ला सरकारने धान्याच्या हमीभावाचा कायदाच मागे घेतला, भाव कोसळले, हप्ते राहिले. तेव्हा सॉल्सबरीकर, घाबरून घेऊ नका एवढंच.

अवांतर: तुम्ही राहता तिथून जवळच इतिहासातला सगळ्यात भारी लॉट विकला गेलाय. ओळखा?

---

सॉल्सबरीकर | १५ सप्टेंबर, १०:२५

ओळखला 😀 स्टोनहेंज. हे इकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. एम्सबरीच्या अँट्रोबस घराण्याचा वारस ऑक्टोबर १९१४ मध्ये लढाईत गेला, चार महिन्यांत बाप गेला, इस्टेट काकाकडे आली आणि त्याने लिलावाला काढली. २१ सप्टेंबर १९१५, सॉल्सबरीचं एक नाटकगृह, लॉट १५. शेतं, गवताळ माळ आणि मध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगड. सेसिल चब नावाच्या इथल्याच माणसाने ६,६०० पाउंडाला घेतलं. बायकोने खुर्च्या आणायला पाठवलं होतं आणि हा दगड घेऊन आला असं लोक सांगतात, खरंखोटं त्याला माहीत. तीन वर्षांनी त्याने ते देशाला देऊन टाकलं आणि अट घातली की तिकीट एक शिलिंगच्या वर नको. आसपासच्या रहिवाशांना फुकट, हे नंतर वेगळं ठरलं. तो फुकट पास आमच्याकडे आहे. पाहुणे आले की तेवढीच आमची श्रीमंती.

गंमत वेगळीच आहे. त्याच दिवशी त्याच सभागृहात जी बाकीची शेतं आणि घरं विकली गेली त्यातल्या माणसांचं काय झालं हे मात्र इकडे कुणाला विचारलं तरी सांगता येत नाही. मी विचारलं ना आज, पबमध्ये. दगडांची गोष्ट सगळ्यांनी सांगितली.

आजींकडे कागद सापडले, बिस्किटाच्या डब्यात, रेंट ऑफिसरची सगळी पत्रं वर्षवार रबरबँड लावून. जुनेदस्त ताई, तुमचे पाय कुठे आहेत.

---

माडाचीसावली | १६ सप्टेंबर, सकाळी ९:१५

नमस्कार, मी फोंड्याची. आजींचं वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे याला शब्दच आहे, मुंडकार. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात, म्हणजे बागायतीत, घर बांधून राहायचं, माडांची राखण करायची, नारळ पाडायला बोलावलं की जायचं. जमीन भाटकाराची आणि घर म्हटलं तर आपलं म्हटलं तर त्याचं. माझी आजी मुंडकारीण. भाटकारणीसमोर ती कधी खुर्चीवर बसली नाही, शेवटपर्यंत दारात उभी राहून बोलायची.

फरक एवढाच की १९७५ ला गोव्यात मुंडकार कायदा आला आणि त्याने नुसतं राहू दिलं नाही, घराची जागा विकत घ्यायचा हक्क दिला, खेड्यात ३०० चौरस मीटर तरी. बाबांनी मामलेदाराकडे चकरा मारून मारून घेतली. केस किती वर्षं चालली ते विचारू नका. पण आज सातबाऱ्याऐवजी आमच्याकडे जो एक-चौदाचा उतारा असतो त्यावर आमचं नाव आहे. तुमच्या आजींना राहायचा हक्क आहे, घ्यायचा नाही, असंच ना? मग तो अर्धाच झाला.

---

जुनेदस्त | १६ सप्टेंबर, १०:०२

अगदी बरोबर. १९७६ चा कायदा छप्पर राखतो, मालकी देत नाही. तुमचा मुंडकार कायदा मला माहीत नव्हता, वाचते.

---

खोताचानातू | १६ सप्टेंबर, दुपारी ४:२०

आता मी शिव्या खाणार पण लिहितो. आम्ही दापोलीकडचे, खोत. १९४९ ला खोती गेली, १ एप्रिल १९५७ ला कूळ म्हणून ज्याचं नाव लागलं तो जमिनीचा मालक झाला. आजोबा सकाळी उठले तेव्हा त्यांच्याकडे घर, अंगण आणि देवळातला मान एवढंच उरलं. कायदा चूक होता असं मी म्हणत नाही, खोतांनी काय काय केलं ते माहितेय, अलिबागजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला तो काही हौस म्हणून नाही. पण मालक म्हणजे राक्षस असं एकरंगी पण नको. त्या लंडनच्या तिघांना कदाचित कर भरायलाच विकावं लागत असेल. अठ्ठावीस जुनी घरं सांभाळायची म्हणजे काय खर्च असतो तो बघा, आमच्या वाड्याची कौलं बदलायची तर दरवर्षी भावाभावांत भांडण होतं.

---

मेथीचीजुडी | १६ सप्टेंबर, ४:४५

देवळातला मान तरी राहिला ना. लॉट १७ ला काय राहणार?

---

सॉल्सबरीकर | १६ सप्टेंबर, रात्री १०:५०

खोताचानातू, शिव्या नाही हो. तुमचं खरंच आहे. मोठे मालक वाईट नव्हते. भाडं आम्ही ८७५ देतो, शेजारच्या गावात तेवढ्याच घराला बाराशे. बॉयलर रविवारी बंद पडला तर स्वतः फोन घ्यायचे. भाड्याच्या घराला एनर्जी रेटिंग किमान ई लागतं, ते खडू-मातीच्या भिंतींना आणायचं म्हणजे वेड लागतं, तेही त्यांनी केलं. नाताळात प्रत्येक दाराशी लाकडाची मोळी. पण मोळी आली की आजी आरशात बघून केस नीट करून दारात उभ्या राहायच्या, माडाचीसावली यांचं वाचून आज मला ते आठवलं. चांगुलपणा होता पण तो त्यांच्या हयातीपुरता होता, कुठे लिहिलेला नव्हता. मार्चमध्ये ते गेले आणि सप्टेंबरात आम्ही पान ४३ वर.

---

ग्लासगोकरीण | १७ सप्टेंबर, सकाळी ११:३०

गावाने मिळून घ्या ना! इकडे स्कॉटलंडमध्ये हे झालंय. ॲसिंटला इस्टेट एका परदेशी कंपनीने घेतली, ती बुडाली, मग तुकडे करून विकायला निघाले तेव्हा तिथल्या क्रॉफ्टरांनी (छोट्या कुळ-शेतकऱ्यांनी) वर्गणी काढून १९९३ मध्ये तीन लाख पाउंडाला स्वतःच घेतली. एग बेटाच्या लोकांनी १९९७ मध्ये अख्खं बेट पंधरा लाखाला. २००३ ला तर कायदाच झाला की गावाने आधी नोंदणी केली असेल तर विक्रीत पहिला मान गावाचा. मी एगला जाऊन आलेय, आता वीजही स्वतःची करतात.

---

जुनेदस्त | १७ सप्टेंबर, १२:१०

स्कॉटलंडचा कायदा बॉर्डरला संपतो ना गं. इंग्लंडमध्ये २०११ चा लोकॅलिझम ॲक्ट आहे, त्यात गावाच्या उपयोगाची जागा कौन्सिलकडे नोंदवता येते, मग मालकाला ती विकताना थांबावं लागतं, आधी सहा आठवडे आणि गावाने बोली लावतो म्हटलं तर सहा महिने. पण ती पब, दुकान, हॉल असल्या जागांना. राहती घरं त्यात धरतच नाहीत. आणि तेही पब स्वतंत्र लॉट म्हणून गेला तरच, सगळी इस्टेट एकगठ्ठा गेली तर तो थांबा पण लागत नाही.

---

चिवडा_पार्सल | १७ सप्टेंबर, १२:२५

म्हणजे इंग्रजाच्या कायद्यात माणसाची बियर सुरक्षित, माणूस नाही. पटलं.

---

उंटावरचाशहाणा | १७ सप्टेंबर, रात्री ८:४०

इंग्लंडमध्ये गावं अखंड राहिली ती कुणी मोठ्याने घेतली म्हणून. वेस्ट विकम १९२९ ला रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने घेतलं आणि १९३४ ला नॅशनल ट्रस्टला (जुन्या वास्तू जपणारी संस्था) दिलं. लेकॉक, तुमच्या विल्टशरमधलंच, मटिल्डा टॅल्बट बाईंनी १९४४ ला ट्रस्टला दान दिलं, आजही बहुतेक गाव ट्रस्टचं भाडेकरू. आणि तुमच्याच माळावरचं इम्बर! तिथली जवळपास सगळी घरं सैन्याने आधीच विकत घेऊन ठेवली होती, त्यामुळे १९४३ च्या नोव्हेंबरात ४७ दिवसांची मुदत देऊन अमेरिकन सैनिकांच्या सरावासाठी गाव रिकामं केलं ते आजतागायत रिकामं. घरं स्वतःची नव्हती तर परत मागणार कुठल्या तोंडाने.

---

सॉल्सबरीकर | ११ एप्रिल २०२४, रात्री १०:१५

अपडेट. बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून.

पब गावाने कौन्सिलकडे नोंदवला आणि तो वेगळा लॉट म्हणूनच निघाला, पाच-पाचशे पाउंडाचे शेअर काढून गोळा करणं चालू आहे, मी पण एक घेतलाय, म्हणजे मी आता एका खुर्चीचा अर्धा मालक. शेतं एका गुंतवणूकवाल्या कंपनीने घेतली. वाडा कुणीतरी घेतला, गेटला कॅमेरे लागले.

आम्ही बोली लावली. बंद पाकिटात आकडा टाकायचा, दुसऱ्याचा आकडा दिसत नाही, बायको म्हणाली हे भिशीपेक्षा वाईट. बँक गवती छपराला आणि सामायिक सेप्टिक टँकला नाक मुरडत होती तरी कसेबसे ३,४१,००० पर्यंत गेलो. मिळालं नाही. लंडनच्या एका जोडप्याला वीकेंडसाठी मिळालं, माणसं सभ्य आहेत, आम्हाला शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहू देतायत. जुलैमध्ये एम्सबरीला नव्या कॉलनीत जातोय. फुकट पास तिथेही चालतो, लेकीने आधी तेच विचारलं.

आजींचा लॉट कुणा गुंतवणूकदाराने घेतला. त्याचं पत्र आलं, 'आपल्या प्रकृतीस शुभेच्छा'. आजींनी ते फ्रिजवर लावलंय आणि आता रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या मारतात.

---

माडाचीसावली | ११ एप्रिल, १०:४०

आजींना देव शंभर वर्षं देवो, आणि त्या गुंतवणूकदाराला तेवढाच धीर 🙏

---

आळशीकासव | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८:३०

धागा वर काढतोय, कारण कायदा बदलला. ऑक्टोबरमध्ये रेंटर्स राइट्स ॲक्ट मंजूर झाला, १ मे २०२६ पासून सेक्शन २१ बंद. पण मालकाला विकायचं असेल तर ते कारण चालतं, चार महिन्यांची नोटीस देऊन, भाडेकरूला वर्ष होईपर्यंत मात्र नाही. म्हणजे सॉल्सबरीकरांसारख्यांना दोनाचे चार महिने झाले. तुम्ही आहात का इथे? काय चाललंय तिकडे?

---

सॉल्सबरीकर | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:५५

आहे आहे. चार महिने पण कमी नाहीत हो, नोटीस आल्यावर पहिले तीन आठवडे आम्ही नुसते चिडण्यातच घालवले होते.

परवाच आजींचा फोन आला, ८६ पूर्ण, आवाज खणखणीत. लॉट १५, १६, १७ आणि १८ चा सेप्टिक टँक एकच आहे तो तुंबलाय. वीकेंडवाले म्हणतात तो आमच्या जमिनीत आहे पण आमचा एकट्याचा नाही. लॉट १८ वाला म्हणतो माझ्या खरेदीखतात त्याचा उल्लेखच नाही. आजींचा गुंतवणूकदार फोन उचलत नाही. इस्टेटचा सुतार, ज्याला हे सगळं तोंडपाठ होतं, तो निवृत्त होऊन कॉर्नवॉलला गेला. मैला उपसणारा टँकर दोनदा येऊन परत गेला कारण झाकणच सापडत नाही. (जुनेदस्त ताई, हसा. हक्क आहे तुमचा.)

आजींना आठवलं की त्या बाजूला मी वाफा केला होता. मी केला होता खरा, मेथीचा. त्या कोपऱ्यात मेथी इतकी तरारून यायची की आम्ही तिघांना वाटून उरायची आणि मला वाटायचं माझ्या हाताला गुण आहे.

शनिवारी फावडं घेऊन जातोय.

---

मेथीचीजुडी | २२ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:०१

मी माझं नाव बदलून घेतेय.